निरोपाचे त्रेचाळीस डाव

सोनाजी शिंगाडे यांनी फळ्यावरचे आपले नाव स्वतःच्या हाताने पुसले, तेव्हा मी तिथे होते. त्याला आता पाच महिने झाले. ती गोष्ट मला अजून नीट सांगता येत नाही. मराठीत एम.ए. केले आहे, तरी येत नाही. म्हणून जसे घडले तसे लिहिते.

आमच्या शहरात क्रांती चौकाजवळ तात्यासाहेबांचे टायपिंगचे क्लास होते. मशिनी भंगारात गेल्या, खोली राहिली. तात्यासाहेब गावाकडची शेती पाहतात आणि रविवारी दुपारी ही खोली बुद्धिबळ खेळणाऱ्यांसाठी उघडतात. भिंतीवर टायपिंगच्या काळातला काळा फळा आहे. त्यावर खेळणाऱ्यांची नावे आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. नवा माणूस आला की त्याला हजार. बरोबरीच्याला हरवले तर दहा मिळतात, मोठ्याला हरवले तर सोळा, लहानाला हरवले तर चार. जितके एकाला मिळतात तितके दुसऱ्याचे जातात. ही रीत सोनाजीकाकांनी १९९६ साली घालून दिली. खडू त्यांच्याच हातात असतो.

सगळ्यात वर त्यांचे नाव होते. आकडा १८४६.

काका मूळचे वैजापूर तालुक्यातले. "निजामावर पोलीस ॲक्शन झाली अन् तिसऱ्या वर्षी मी झालो," असे सांगतात. घरी मेंढरे. संध्याकाळी कळप कुंपणाच्या वाडग्यात शिरायचा तेव्हा मोजायचे काम या मुलाकडे असे. त्याची मोजणी कधी चुकली नाही, म्हणून कोणीतरी त्याला वैजापूरच्या बाजार समितीत नेऊन उभे केले. एकोणिसाव्या वर्षी ते मापाडी झाले.

मापाडी म्हणजे शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधला माणूस. तो माल तोलतो आणि मोठ्याने वजन सांगतो. दोघांनीही ते मानायचे असते. दोघांचाही त्याच्यावर संशय असतो. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, मग तीन. काका फळ्यावरचे डाव मोजतानाही अजून 'लाभ'पासून सुरुवात करतात.

बुद्धिबळ त्यांना तिथेच मिळाले. दुपारी यार्ड थंडावले की फकिरा नावाचा हमाल रिकाम्या पोत्यावर कोळशाने घरे काढायचा. फकिराच्या खेळात प्यादे एकच घर चालायचे. पुढे शहरात आल्यावर काकांना कळले की पहिल्या चालीत दोन घरे चालतात. त्यांनी ते जाऊन फकिराला सांगितले.

फकिरा म्हणाला, "दोन घरं चालणारं प्यादं म्हणजे लाच खाल्लेलं प्यादं, सोनाजी."

ही गोष्ट काका प्रत्येक नव्या माणसाला सांगतात आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसतात.

साठाव्या वर्षापर्यंत ते मापाडी होते. रविवारी पहाटेच्या एसटीने शहरात यायचे, संध्याकाळी परत. नोकरी संपल्यावर शहरालगत पडेगावला दोन खोल्या घेऊन राहिले. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत दोन गोष्टी. एक वही, तिच्यात खेळलेल्या प्रत्येक डावाच्या चाली. आणि राजाबाईकाकूंनी भाजून दिलेल्या शेंगा. डाव संपला की काका हरणाऱ्याला ओंजळभर शेंगा देतात.

"जिंकणाऱ्याला आकडा भेटला," ते म्हणतात. "हरणाऱ्यानं काय उपाशी जायचं?"

मी तिथे एकोणिसाव्या वर्षी गेले. पहिले सहा महिने मी शेंगा खाल्ल्या. काका प्रत्येक डावानंतर मला माझी चूक दाखवायचे, आवाज न चढवता. मला 'माय' म्हणायचे. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. इतक्या सावकाश मला कोणी काही शिकवले नव्हते.

गेल्या कार्तिकात त्या खोलीत एक वाद झाला. आमच्याकडे बद्रीनाथ म्हणून विमा एजंट आहेत. फळ्यावर दुसरे, १६५५. त्यांचा आवाज खाली चहाच्या गाड्यापर्यंत जातो. ते मोबाइल नाचवत आत आले.

"जगातल्या वरच्या खेळाडूंचे रेटिंग सगळे फुगवलेले!" ते म्हणाले. "पूर्वी सत्तावीसशेच्या वर बोटावर मोजण्याइतके लोक होते. आता तीस-पस्तीस झाले. एवढे हुशार अचानक कुठून पैदा झाले?"

"कॉम्प्युटरनं शिकवलं त्यांना," तात्यासाहेब म्हणाले. "खेळच सुधारला."

"काय सुधारला? ते वर बसून आपसातच खेळू राहिले. पाटलाच्या घरची पोरगी पाटलाच्याच घरात. आकडा बाहेर जाईल कसा?"

"तुझा आकडा तर कोणाच्याच घरी जात नाही, बद्रीनाथ."

खोली हसली. बद्रीनाथांनी काकांकडे तोंड केले. "मापाडी, तुम्ही सांगा."

काका प्यादी मांडत होते. मांडून झाल्यावर बोलले.

"काटा खरा का खोटा, ते कसं पाहत्यात ठाऊक आहे का? माल या पारड्यातून त्या पारड्यात टाकायचा. वजनं इकडची तिकडं. दोन्ही बारीला सारखं भरलं तर काटा खरा. फरक पडला तर काट्यात पासंग, एक बाजू जड. आता आजचा गडी तीस वर्षं मागच्या पारड्यात बसवता येतो का? नाय येत. मग मी कसं सांगू?"

"म्हणजे तुम्हाला काहीच म्हणायचं नाही?"

"एक म्हणायचंय. आकडा आभाळातून पडत नाय. नवी पोरं येत्यात, चार डाव हरत्यात, घरी जात्यात. ती गेली, पण त्यांचं सांडलेलं इथंच राहतं. ते वर वर सरकत जातं. वरच्यानं चोरी केली असं नाय. पण त्याच्या पारड्यात कोणाकोणाचं पडलंय, ते त्यानं पाहावं."

"मग आपल्या फळ्याचं काय?" बद्रीनाथांनी विचारले. ते सहज बोलून गेले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. मी पाहिले.

काका ताठ बसले. "आपल्या फळ्यात पासंग नाय. मी लिहितो तो."

तात्यासाहेबांनी कप उचलला. तो रिकामा होता, तरी ते प्यायले.

त्या रिकाम्या कपाचे कारण मला पुढच्या आठवड्यात कळले. मला पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितशोधनाचे काम मिळाले होते. काकांबरोबर शेवटचा डाव खेळायला मी निघाले. तात्यासाहेबांनी मला जिन्यात थांबवले.

"बाळ, निरोपाचा डाव द्यायचा असतो," ते हळू आवाजात म्हणाले.

"म्हणजे?"

मग त्यांनी सांगितले. २००३ साली वैजापूरच्या यार्डात इलेक्ट्रॉनिक काटे आले. काकांचा जुना काटा उचलून पत्र्याच्या शेडमध्ये टाकला. त्या रविवारी काका इथे आले ते माणूस गेल्यासारखे. म्हणाले, आता मी नुसता लाल आकडे वाचणारा. त्याच दिवशी एका बँकेतल्या माणसाची बदली झाली होती. तो काकांबरोबर शेवटचा डाव खेळला. जिंकत आलेला डाव त्याने मुद्दाम सोडला. काकांच्या तोंडावर जरा उजेड आला. तेव्हापासून गाव सोडणारा प्रत्येकजण जाताना काकांकडून हरत आला होता. नोकरीवाले, लग्न होऊन गेलेल्या मुली, बदलीवाले. वीस वर्षांत बेचाळीस जण. काकांना सोडून सगळ्यांना ठाऊक होते.

"त्यांच्या आकड्याला हात लागलेला त्यांना सोसणार नाही," तात्यासाहेब म्हणाले. "तेवढंच राहिलंय त्यांच्याकडं."

मी वर गेले. खेळले. त्या दिवशीइतकी चांगली मी कधीच खेळले नव्हते. काकांचा राजा कोपऱ्यात सापडला होता, माझा हत्ती त्यांच्या दुसऱ्या रांगेत घुसला होता. चार-पाच चालींचे काम होते. मी वजीर उचलला आणि त्यांच्या उंटाच्या तोंडात नेऊन ठेवला.

काकांनी हात पुढे केला नाही. त्यांनी पटाकडे पाहिले, मग माझ्या बोटांकडे.

"माय, हे कुठून काढलंस?"

"दिसलं नाही, काका."

"तुला दिसलं नाय?"

"नाही."

त्यांनी वजीर घेतला. मी डाव सोडला, पाया पडले. त्यांनी माझ्या ओढणीत शेंगा ओतल्या. नेहमीपेक्षा जास्त. मग वहीत शेवटची चाल लिहिली आणि तिच्याखाली एक रेघ मारली. मी दाराशी पोचून वळून पाहिले तरी ते त्या रेघेकडे पाहत होते.

पुण्यात चौथ्या दिवशी सकाळी राजाबाईकाकूंचा फोन आला.

"काय केलंस गं तू यांना?"

"काय झालं काकू?"

"समद्या वह्या ओट्यावर मांडल्यात. पट मांडून बसलेत. एकेक डाव खेळतेत, एकटेच. मधीच म्हणतेत, 'हा बघ, इथं टाकला.' मी म्हनलं काय टाकलं? बोलत नाय माणूस. घरात पाय ठेवायला जागा नाय. मी काल त्यांच्या घोड्यावर लसूण ठिवला तर मलाच वरडले."

"किती डाव झाले, काकू?"

"मला काय ठावं? मघाशी लाभ, दोन, तीन करून मोजू राहिले होते. बेचाळीस म्हनले. मग म्हनले, पोरीचा धरून त्रेचाळीस."

फोन ठेवून मी बराच वेळ मुद्रितांकडे पाहत बसले. एक ओळ वाचली गेली नाही. मला वाटले, मी त्या माणसाचे काहीतरी फोडले. बेचाळीस जणांनी नीट लपवले होते. माझा हात धसमुसळा निघाला.

शनिवारी तात्यासाहेबांनी कळवले, मापाडींनी सगळ्यांना बोलावले आहे. मी रविवारी पहिल्या गाडीने निघाले.

खोलीत सगळे होते. कोणी पट मांडला नव्हता. काका आले. धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी. त्यांनी वह्या टेबलावर ठेवल्या, ओले फडके घेतले आणि सरळ फळ्याकडे गेले. 'सोनाजी शिंगाडे, १८४६' पुसले. एकदाच हात फिरवला. ओल्या फळ्यावर त्यांच्या नावाची जागा थोडा वेळ काळी चमकत राहिली, मग वाळली.

"मापाडी, काय करता हे!" बद्रीनाथ उठले.

"खाली बस. त्रेचाळीस डाव पाहिले मी. डाव सोडल्याची चाल लगेच कळती. बाकी चाली माणूस खेळतो, ती एक चाल माणूस ठेवतो. ते त्रेचाळीस डाव काढले की माझा आकडा सोळाशे आठ." त्यांनी खडू घेतला. बद्रीनाथांच्या नावाखाली स्वतःचे नाव लिहिले, पुढे १६०८. "तू पहिला, बद्रीनाथ."

"मला नको!"

"नको कसा? तुला कोणी सोडलेला डाव दिलाय का?"

बद्रीनाथ फळ्याकडे पाहत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पहिला नंबर मिळाला होता आणि त्यांचा चेहरा पडला होता. मग म्हणाले, "बरं, असू द्या तात्पुरता." खोलीतला ताण थोडा सैल झाला.

तात्यासाहेब उभे राहिले. "चूक माझी आहे, सोनाजी. मीच जिन्यात सांगत होतो एकेकाला. रागवा माझ्यावर."

काका खुर्चीवर बसले.

"मला वाटलं राग येईल," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी आला. अशी चपराक बसली की पाणी गोड लागंना. मापाड्याच्याच काट्याला पासंग, अन् त्यालाच पत्ता नाय. मग दुसऱ्या दिवशी डाव पाहत गेलो. हा बँकेवाला. ही जोशांची पोरगी, लग्नाच्या आधल्या दिवशी आली होती, हाताची मेंदी माझ्या घोड्याला लागली. हा पोरगा नागपूरला गेला, त्याचा डाव तर काय सुंदर होता. आठवा, एवढा सुंदर डाव हातातून सोडायला जीव किती कळवळत असंल? अन् सोडला. कशापायी? या म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून." ते थांबले. "त्रेचाळीस माणसं, तात्यासाहेब. एवढं कोणाच्या नशिबात असतं?"

मला रडू आले. मी खिडकीकडे तोंड केले.

"पण एक सांगतो," काकांचा आवाज पुन्हा यार्डातला झाला. "माल तोलून झाल्यावर शेतकरी खुशीनं मूठभर द्यायचा. हमालाला, भिकाऱ्याला. मी कधी अडवलं नाय. पण मूठ मापाबाहेर. पारड्यात कोणी टाकली तर मी त्याचा हात धरायचो. तुम्ही पारड्यात टाकलं. लई मायेनं टाकलं, पण पारड्यात टाकलं."

मग त्यांनी शेवटची वही उघडली आणि पटावर माझा डाव मांडला. वजीर उंटाच्या तोंडात जायच्या आधीची जागा.

"बस, माय. तुझी चाल."

मी बसले. माझा हात हलत होता.

"घाई नको," काका म्हणाले. "पारडं हलतंय तवर वजन सांगत नसतेत. थांबू दे."

मी थांबले. हात थांबला. मग मी खेळले. पहिली चाल तीच, जी त्या दिवशी दिसूनही केली नव्हती. वाटले होते चार चालींत संपेल. काकांनी ते होऊ दिले नाही. प्रत्येक चालीला त्यांनी एक नवे दार शोधले. घोडा आडवा घातला, हत्ती दिला, प्यादे पुढे नेले. त्यांनी माझ्याशी असे कधी झगडून खेळलेले मला आठवत नाही. ते मनापासून राजा वाचवायला धडपडत होते. बाविसाव्या चालीला त्यांचा राजा सापडला. त्यांनी स्वतःच तो आडवा केला.

"आता खरा निरोप झाला," ते म्हणाले. आणि हसले, फकिराची गोष्ट सांगताना हसतात तसे.

मी मोहरी गोळा करू लागले. बद्रीनाथांनी मला कोपराने ढोसले.

"हरणाऱ्याला शेंगा कोण देणार? तुझा बाप?"

मी काकांची पिशवी ओढली. त्यांनी दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली. मी भरली. वरून आणखी थोड्या टाकल्या. काकांनी बसून एकेक शेंग फोडून खाल्ली. त्या खोलीत इतक्या वर्षांत मी त्यांना शेंगा खाताना पाहिले नव्हते. आता आम्ही बरोबरीचे, म्हणून फळ्यावर खडूने त्यांनी स्वतःचे दहा कमी केले, माझे दहा वाढवले.

त्यानंतर त्यांनी बाकीच्या बेचाळिसांना शोधायला घेतले. दोघे आता नाहीत. नऊ जणांचा पत्ता लागत नाही. एकतीस जण सापडले. प्रत्येकाला काका फोनवर हेच सांगतात, "तुमचा एक डाव माझ्याकडं राहिलाय. ती चाल सोडून त्याच्या आधीपासून." काही जण आधी लाजतात. मग सगळे हो म्हणतात. पडेगावच्या ओट्यावर पट मांडलेला असतो आणि चाली फोनवर चालतात. राजाबाईकाकू मध्येच विचारतात, "कोण बोलतंय? लेकरंबाळं किती? आईचं गुडघ्याचं बरं आहे का?" म्हणून एकेक डाव दोन-दोन दिवस चालतो.

आतापर्यंत एकोणीस डाव झाले. काका सहा जिंकले, चार बरोबरीत सुटले, नऊ हरले. फळ्यावर त्यांचा आकडा आता १५०८ आहे. तात्यासाहेबही त्यांच्या वर गेले आहेत, काका आता चौथे. बद्रीनाथ अजून पहिलेच आहेत आणि आता त्यांना ते रुचू लागले आहे. परवा त्यांनी पुन्हा जगातल्या वरच्या खेळाडूंचा विषय काढला, रेटिंग फुगलेले की खरे. फोनवर तात्यासाहेबांनी मला सांगितले, मापाडी म्हणाले, "मला ठाऊक नाय. मी फक्त माझा काटा तपासला. त्यांनी त्यांचा तपासावा. अन् तपासून झाल्यावर ज्यांनी टाकलं त्यांना फोन करावा."

मी त्या माणसाकडून काय काय घेतले, हे मोजायला बसले तर 'लाभ'च्या पुढे जाता येणार नाही. इथे पुण्यात मजकुरात चूक दिसली आणि लेखक मोठा असला, तर माझा हात अडखळतो. मग मला तो ओला फळा दिसतो. मी खूण करते.

काल सकाळी राजाबाईकाकूंचा पुन्हा फोन आला. हरणाऱ्याला शेंगा, हा नियम काकांना हरवणाऱ्या त्या नऊ जणांना पाठ होता. पोस्टाने, कुरिअरने, एसटीच्या पार्सलमधून शेंगांची पुडकी पडेगावला येऊ लागली आहेत. एक नागपूरहून आले, त्यात शेंगांबरोबर संत्र्याची बर्फी होती.

"तू सांग गं यांना, जरा जिंकत जा म्हणावं," काकू म्हणाल्या. "घरात शेंगा ठिवायला जागा नाय."

मागून काकांचा आवाज आला. "कोण आहे? आपली माय का? तिला म्हणावं, अजून बारा डाव राहिलेत. एक रिकामा डबा घेऊन ये."